यादीचा क्रम व दुबार नावे
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्राथमिक शिक्षकाच्या हाताखालून वर्षभरात जितक्या याद्या जातात, तितक्या दुसऱ्या कोणा सेवकाच्या हाताखालून क्वचितच जात असतील. जूनमध्ये शाळा उघडली की जनरल रजिस्टरात नव्या मुलांची नावे चढतात. त्यांवरून हजेरीपट तयार होतो, आणि हजेरीपटावरून पोषण आहाराची, पाठ्यपुस्तकांची, गणवेशाची व शिष्यवृत्तीची यादी निघते. ज्या शिक्षकांकडे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे काम सोपविलेले असते त्यांच्या दप्तरात मतदारयादीचीही भर पडते. पूर्वी ही सारी कामे टाक, शाई व फुटपट्टी यांच्या साहाय्याने होत असत. आता ती संगणकाच्या तक्त्यात होतात. त्यायोगे लेखनाचे श्रम कमी झाले हे खरे, परंतु दोन जुनी कामे नव्या रूपाने पुढे उभी राहिली आहेत. एक, यादी क्रमाने लावणे. आणि दुसरे, तीत दोनदा आलेली नावे काढून टाकणे.

संगणकावर ही दोन्ही कामे एकेका शब्दाच्या आज्ञेने होतात. ज्यांना स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात त्यांची रचनाच अशा किरकोळ परंतु कंटाळवाण्या कामांसाठी झालेली आहे. मुख्याध्यापकाने शिपायाच्या हाती कामांची चिठ्ठी द्यावी व त्याने ती ओळीओळीने वाचून एकेक काम उरकावे, तशी या भाषांची पद्धत असते. लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली पर्ल आणि गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली पायथन या त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होत. पायथनमध्ये यादी क्रमाने लावण्यास ‘सॉर्टेड’ हा एक शब्द पुरतो व दुबार नोंदी गाळण्यास ‘सेट’ हा दुसरा. मग एवढ्याशा गोष्टीसाठी व्याख्यान कशास हवे, असा प्रश्न साहजिकच कोणाच्या मनात येईल. काम इतके सोपे झाले आहे म्हणूनच ते समजून घेणे अगत्याचे आहे. शाईने लिहिलेले नाव खोडताना हात क्षणभर थांबत असे. यंत्राच्या आज्ञेने दोनशे नावे पुसली जातात तेव्हा थांबण्यास जागाच उरत नाही. आणि त्या नावांपैकी एखादे खऱ्या मुलाचे असले, तर त्या मुलाची थाळी, पुस्तक किंवा शिष्यवृत्ती त्या नावाबरोबर जाते.

प्रथम क्रमाचा विचार करू. यादी क्रमाने का लावावयाची? नाव चटकन सापडावे म्हणून, हे उत्तर कोणीही देईल. परंतु क्रमाचा आणखी एक उपयोग आहे व तो कमी लक्षात येतो. क्रम लावला की सारख्या नोंदी आपोआप एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचे काम डॉ. सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली १९४८ साली हाती घेण्यात आले. त्यासाठी प्राचीन ग्रंथांतील शब्द एकेका चिठ्ठीवर उतरवून घेण्यात आले व अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तेथे वर्णानुक्रमाने कपाटांत लावून ठेवल्या गेल्या. कोशाचा पहिला भाग बाहेर पडावयास १९७६ साल उजाडले. त्या चिठ्ठ्या ग्रंथवार पडून राहिल्या असत्या तर एखादा शब्द कोणकोणत्या ग्रंथांत आला आहे हे पाहण्यासाठी प्रत्येक वेळी कोटीभर चिठ्ठ्या चाळाव्या लागल्या असत्या. वर्णानुक्रम लावल्यामुळे एका शब्दाच्या सर्व चिठ्ठ्या एका खणात आल्या.

याच शहरातील दुसरे उदाहरण घेऊ. कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. कसबा गणपतीचे देऊळ, तांब्याच्या भांड्यांवरील ठोक्यांनी ओळखली जाणारी तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी ही तेथील ठिकाणे पुण्यास जाऊन आलेल्या पुष्कळांना ठाऊक असतील. या पेठेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विधानसभा मतदारसंघात आसपासच्या जुन्या पेठाही येतात, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे पोटनिवडणूक झाली त्या वेळी मतदारांची संख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती. मतदारयादी आडनावांच्या क्रमाने छापलेली नसते. मतदान केंद्रानुसार तिचे भाग पडतात व प्रत्येक भागात नावे गल्ली व घर यांच्या क्रमाने येतात. घरोघर जाऊन पडताळणी करणाऱ्यास हाच क्रम सोयीचा, कारण एका घरातील माणसे एकत्र मिळतात. परंतु एकच व्यक्ती दोन भागांत नोंदलेली असेल, तर त्या दोन नोंदींमध्ये हजारो ओळींचे अंतर पडते आणि ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

आता समजा, कोणी हट्टाने प्रत्येक नाव दुसऱ्या प्रत्येक नावाशी ताडून पाहावयाचे ठरविले. चाळीस मुलांच्या वर्गात अशा ७८० जोड्या होतात. तेवढ्या एका बैठकीत होतील. तीनशे मुलांच्या शाळेत त्या ४४,८५० होतात. पावणेतीन लाखांच्या यादीत मात्र ही संख्या सुमारे ३,७८१ कोटींवर जाते. हेच नाव आधी वर्णानुक्रमाने लावले, तर चांगल्या पद्धतीने त्यास साधारण पन्नास लाख तुलना पुरतात व त्यानंतर प्रत्येक नावाने केवळ आपल्या शेजाऱ्याकडे पाहावयाचे उरते. वरच्या वर्गांतील मुलांना हा हिशेब फळ्यावर करून दाखविण्याजोगा आहे. मुलांची संख्या दुप्पट केली की जोड्या जवळजवळ चौपट होतात, हे त्यांना स्वतः शोधू द्यावे.

यंत्र हा क्रम लावते तरी कसे? उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आसनक्रमाने लावणारा शिक्षक जे करतो, त्याहून फारसे निराळे ते करीत नाही. हुशार शिक्षक सगळा गठ्ठा विसकटून मांडीत नाही. उत्तरपत्रिका बाकांच्या ओळीने गोळा केलेल्या असल्यामुळे त्यांत जागोजाग आठ-दहा कागद मुळातच क्रमाने असतात. ते लहान गट तसेच उचलावयाचे आणि दोन-दोन गट समोर ठेवून, वरच्या कागदांतील लहान क्रमांक आधी घेत, त्यांचा एक मोठा गट करावयाचा. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी जी रीत बसविली ती याच तत्त्वावर चालते. मुळात क्रमाने असलेल्या तुकड्यांचा ती लाभ घेते. तिचा आणखी एक गुण शिक्षकांच्या उपयोगी पडणारा आहे. ज्या दोन नोंदी समान ठरतात त्यांचा आधीचा परस्परक्रम ती बिघडवीत नाही. म्हणून सर्व शाळेची यादी प्रथम आडनावाने लावली व मग इयत्तेने लावली, तर प्रत्येक इयत्तेत आडनावांचा क्रम जसाच्या तसा राहतो.

मराठी नावांच्या बाबतीत मात्र एक अडचण येते आणि तिची कल्पना नसल्यास शिक्षक व्यर्थ स्वतःला दोष देतो. यंत्राला अक्षर ठाऊक नसते; त्याला अक्षराचा संकेतांक ठाऊक असतो. युनिकोड नावाच्या सर्वमान्य व्यवस्थेत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास एक क्रमांक दिलेला आहे व साधी आज्ञा दिली असता यंत्र त्या क्रमांकांनुसार नावे लावते. बहुतेक व्यंजनांचा क्रम त्यात आपल्या वर्णमालेप्रमाणेच आहे. परंतु ‘ळ’ हे अक्षर तेथे ‘ल’च्या लगेच पुढे व ‘व’च्या आधी बसविलेले आहे. आपल्या बालभारतीत मूल ‘ह’नंतर ‘ळ’ म्हणते. यामुळे साध्या आज्ञेने लावलेल्या यादीत ‘काळे’ हे आडनाव ‘काशीद’च्या आधी येते, मराठी क्रमाने ते नंतर यावयास हवे. ‘क्ष’ हे तर यंत्राच्या लेखी स्वतंत्र अक्षरच नव्हे. क, हलन्त चिन्ह व ष अशी तीन चिन्हे त्याला दिसतात, आणि म्हणून ‘क्षीरसागर’ हे आडनाव वर्णमालेच्या शेवटी न जाता ‘क’च्या गटाच्या शेवटी, ‘ख’च्या आधी, जाऊन बसते. मराठीचा स्वतःचा क्रम सांगणारे नियमही संगणकक्षेत्रात तयार करून ठेवलेले आहेत, परंतु ते आपोआप लागू होत नाहीत. त्यांची निवड करावी लागते. अंकांचीही अशीच गंमत होते. हजेरीक्रमांक अंक म्हणून न भरता मजकूर म्हणून भरले असतील, तर यंत्र त्यांचा क्रम १, १०, ११, २ असा लावते. कारण ते पहिले चिन्ह पहिल्या चिन्हाशी ताडते आणि दहामधील एक हा दोनहून लहान असतो!

येथवरची चूक झाली तरी फारसे बिघडत नाही. नाव खालीवर होते, नाहीसे होत नाही. दुसरे काम तसे नाही.

दुबार नोंद काढण्याच्या यंत्राजवळ मुख्यतः दोन रीती आहेत. एका रीतीत आधी क्रम लावतात व मग लागोपाठ आलेल्या हुबेहूब ओळींतील पहिली ठेवून पुढच्या गाळतात. युनिक्स प्रणालीतील ‘युनिक’ ही जुनी आज्ञा असेच करते. परंतु ती केवळ शेजारच्या ओळी पाहते, हे विसरून कोणी क्रम न लावताच ती वापरली, तर दूरच्या जोड्या तशाच राहून जातात आणि काम झाले असा समज मात्र होतो. दुसरी रीत खुणेची आहे. प्रत्येक नाव हाती घ्यावयाचे, ते आधी पाहिले आहे काय हे खुणांच्या पेटीत शोधावयाचे, नसल्यास खूण करून नाव ठेवावयाचे व असल्यास सोडून द्यावयाचे. निवडणुकीत मतदाराच्या बोटास लागणारी न पुसणारी शाई ही याच रीतीची खूण होय. भारतात ती १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आहे. महाराष्ट्रात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सर्व शाळांची जी पटपडताळणी झाली, तीतही एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांस शाई लावण्यात आली होती. ज्या शिक्षकांनी ते दिवस पाहिले आहेत त्यांना अधिक सांगावयास नको. पटावरील लक्षावधी नावांपुढे त्या वेळी मूल आढळले नाही. त्यांतील कित्येक नावे खोटी होती, कित्येक मुले केवळ त्या दिवशी गैरहजर होती, आणि हे दोन प्रकार वेगळे करणे हेच पुढे सर्वांत अवघड ठरले.

पायथनमधील ‘सेट’ या खुणांच्या रीतीनेच काम करतो. तो नावे एकेकदाच ठेवतो, परंतु मूळ क्रम राखण्याची हमी देत नाही. क्रम राखावयाचा असेल तर शब्दकोशासारखी जी दुसरी रचना तेथे आहे तिचा उपयोग करतात. २०१८ मध्ये आलेल्या ३.७ या आवृत्तीपासून ती रचना नोंदी ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने ठेवते. हा तपशील लहान असला तरी लक्षात ठेवावा. हजेरीपटावरील क्रम एकदा मोडला की मागील महिन्यांच्या नोंदींशी मेळ बसत नाही.

या दोन्ही रीतींचे सामर्थ्य मोठे आहे. परंतु दोहोंचा आधार एकच आहे. दोन नोंदी चिन्हाशी चिन्ह जुळल्या तरच यंत्र त्यांना एक मानते. ‘पाटील’ व ‘पाटिल’ ही त्याच्या दृष्टीने दोन भिन्न माणसे. ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’, ‘कुलकर्णी’ आणि ‘कुळकर्णी’, आधी ‘श्री.’ किंवा ‘सौ.’ लावलेले नाव व न लावलेले नाव, आडनाव आधी लिहिलेले व शेवटी लिहिलेले, नावापुढे चुकून एक मोकळी जागा राहिलेले, या साऱ्या त्याला वेगवेगळ्या नोंदी वाटतात. इतकेच नव्हे, तर डोळ्यांना अगदी एक दिसणारी नावेही आतून निराळी असू शकतात. ‘कऱ्हाडकर’ या आडनावातील अर्धा र दोन प्रकारे टंकित करता येतो. कोणी ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरतो, तर कोणी साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह घालतो. कागदावर दोहोंत तिळमात्र फरक नाही. यंत्राच्या पोटात मात्र संकेतांक भिन्न आहेत. म्हणून दुबार शोधण्यापूर्वी सर्व नोंदी एका वळणावर आणून घ्याव्या लागतात. मोकळ्या जागा छाटाव्या, उपाध्या वेगळ्या रकान्यात न्याव्या, अंक एकाच लिपीत करावे, अर्धा र एका पद्धतीने करावा. हे काम करणाऱ्या छोट्या आज्ञा स्क्रिप्टिंग भाषांत लिहिता येतात आणि त्या एकदा लिहिल्या की दरवर्षी उपयोगी पडतात. ऱ्हस्वदीर्घाची एकवाक्यता मात्र आज्ञेवर सोपवू नये. ‘कुळकर्णी’ असे जे घराणे पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आले आहे त्याचे ‘कुलकर्णी’ करण्याचा अधिकार ना यंत्राला, ना शिक्षकाला.

येथून खरा प्रश्न सुरू होतो. एकच माणूस दोन प्रकारे लिहिला गेला तर यंत्र त्याला दोन समजते. तसेच दोन माणसे एकाच प्रकारे लिहिली गेली तर यंत्र त्यांना एक समजते व एकास गाळून टाकते. पहिल्या चुकीत एक नाव जास्त राहते, दुसऱ्या चुकीत एक माणूस कमी होतो. डेक्कन कॉलेजातील चिठ्ठ्यांचे उदाहरण येथे पुन्हा आठवावे. एका खणात एकाच शब्दाच्या शंभर चिठ्ठ्या असल्या म्हणून त्या दुबार ठरत नाहीत, कारण प्रत्येकीवरील ग्रंथ व स्थळ निराळे असते. केवळ शब्द पाहून कोणी नव्याण्णव चिठ्ठ्या फेकून दिल्या असत्या तर कोशाच्या नावाखाली नुसती शब्दांची यादी उरली असती.

नाव पुरेसे नसेल तर नाव व जन्मतारीख दोन्ही ताडावी, असे कोणी सुचवील, आणि शहरात ती सूचना बरीचशी उपयोगी पडते. खेड्यात मात्र १ जूनची जन्मतारीख वाट अडविते. एके काळी जन्माचा दाखला घेऊन मूल शाळेत येत नसे. बाप हात धरून आणी, मास्तर मुलाचा अंदाज घेत व वयाचा हिशेब शाळा उघडण्याच्या महिन्याशी जुळवून १ जून अशी तारीख लिहून टाकीत. त्यामुळे महाराष्ट्रात एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी आला आणि शासकीय कचेऱ्यांत ३१ मे रोजी निवृत्तीच्या हारांची गर्दी होऊ लागली. ज्या गावात निम्मी वस्ती एका आडनावाची आहे, तेथे एकच नाव, एकच आडनाव व १ जून ही एकच तारीख असलेले दोन भिन्न गृहस्थ सापडणे मुळीच अशक्य नाही. वडिलांचे नाव घेतले तरी चुलतभावांच्या घराण्यांत आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची रीत असल्यामुळे घोटाळा पुरता संपत नाही.

यावर उपाय म्हणून प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक देण्यात येतो. मतदारांची छायाचित्र ओळखपत्रे १९९३ पासून देण्यात येऊ लागली. आधार क्रमांकाचे वितरण २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावापासून सुरू झाले. राज्यातील विद्यार्थ्यांची नोंद २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत होऊ लागली. क्रमांकामुळे काम पुष्कळ सोपे होते हे निःसंशय. परंतु क्रमांक देणारीही माणसेच असतात. निरनिराळ्या राज्यांत पूर्वी हाताने क्रमांकमालिका ठरविल्या गेल्यामुळे काही भिन्न मतदारांच्या ओळखपत्रांवर एकच क्रमांक पडलेला आहे, हे २०२५ च्या मार्चमध्ये निवडणूक आयोगाने मान्य केले व तो दोष दूर करण्याचे जाहीर केले. तेथे केवळ क्रमांक पाहून दुबार नावे गाळली असती तर दोन राज्यांतील दोन प्रामाणिक मतदारांपैकी एकाचे नाव नाहक गेले असते. आधारच्या बाबतीत शिक्षकाने एवढे ध्यानात ठेवावे की पाच वर्षांखालील बालकाच्या बोटांचे ठसे व डोळ्यांच्या खुणा घेतलेल्या नसतात. त्या पाचव्या वर्षानंतर व पुन्हा पंधराव्या वर्षानंतर घ्यावयाच्या असतात. म्हणजे पहिलीत येणाऱ्या मुलाच्या क्रमांकामागे ठशांची खात्री असेलच असे नाही.

दुबार नोंद आढळली की कोणी लबाडी केली असा तर्क करण्याची घाईही टाळावी. कसबा पेठेतील जुन्या वाड्यांत एका घरक्रमांकाखाली आठ-आठ, दहा-दहा बिऱ्हाडे नांदत असत. वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती उठल्या, आणि पुष्कळ कुटुंबे उपनगरांत राहावयास गेली. नव्या घरी नाव नोंदविताना जुन्या भागातील नाव कमी करून घ्यावयाचे असते हे अनेकांच्या ध्यानातच आले नाही. ज्यांनी अर्ज केला त्यांचाही निकाल नेहमी वेळेवर लागला असे नाही. विवाहानंतर आडनाव बदललेल्या स्त्रीचे नाव माहेरच्या यादीत एका रूपाने व सासरच्या यादीत दुसऱ्या रूपाने राहते, आणि ते तर कोणत्याही वर्णानुक्रमात शेजारी येत नाही. शाळांतही असेच घडते. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबातील मूल दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या परिसरातील शाळेत बसू लागते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने असे सांगितले आहे की, दाखला येण्यास विलंब झाला या कारणावरून मुलास प्रवेश नाकारता येणार नाही. तेव्हा काही काळ त्या मुलाचे नाव दोन शाळांच्या पटांवर असणे हे कायद्याच्या पालनातूनच उद्भवते. यंत्राने अशी जोडी दाखविली आणि दोन्ही शाळांनी ‘दुसरीकडे आहे’ असे समजून नाव कमी केले, तर ते मूल कोठलेच राहत नाही. हंगाम संपवून ते परत येते तेव्हा त्याला नव्याने शाळा शोधावी लागते, आणि सगळीच मुले ती शोधीत नाहीत.

कायद्याची दृष्टी या बाबतीत शिक्षकांस मार्गदर्शक ठरावी अशी आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० याच्या कलम १७ प्रमाणे एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असता कामा नये व कलम १८ प्रमाणे एकाच मतदारसंघात ते दोनदा असता कामा नये. नियम इतका स्पष्ट असूनही त्याच अधिनियमाच्या कलम २२ मध्ये, नाव वगळण्यापूर्वी संबंधित व्यक्तीस आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे, असे घातले आहे. २०२५ च्या अखेरीस महाराष्ट्रात नगरपरिषदांच्या निवडणुका जाहीर झाल्या तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने हीच सावधगिरी दाखविली. विधानसभेची यादी वापरावयाची असल्यामुळे तीतील नावे वगळण्याचा अधिकार त्या आयोगास नव्हता. म्हणून संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारांची खूण करावयाची, संबंधित मतदारास तो कोणत्या केंद्रावर मतदान करणार हे विचारावयाचे, व उत्तर न आल्यास मतदानाच्या वेळी त्याच्याकडून हमीपत्र घ्यावयाचे, असे ठरले. नाव पुसले नाही. नावापुढे प्रश्न लिहिला.

शाळेच्या यादीसाठी हीच पद्धत उचलावी. संगणकावरील मूळ तक्ता कधीही हातचा घालवू नये. प्रथम त्याची एक प्रत निराळ्या नावाने, तारीख घालून, ठेवावी. प्रतीवर काम करताना गाळण्याची आज्ञा न देता शेवटी एक नवा रकाना घालावा व यंत्राला केवळ खूण करावयास सांगावे. हुबेहूब जुळणाऱ्या नोंदींस एक खूण, जवळपास जुळणाऱ्यांस दुसरी. मग आडनाव, नाव व वडिलांचे नाव या क्रमाने यादी लावून खुणांच्या ओळी मुद्रित करून घ्याव्यात. तीनशे मुलांच्या शाळेत अशा ओळी फार निघत नाहीत. एका दुपारी त्या जनरल रजिस्टराशी ताडून होतात. ज्या थोड्या शिल्लक राहतील त्यांच्यासाठी पालकांस विचारावे किंवा दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांस दूरध्वनी करावा. केंद्रप्रमुखांनी सर्व शाळांच्या प्रती एकत्र करून हीच खूण केंद्राच्या पातळीवर करून दिली, तर दोन गावांमधील दुबार नावेही उघडी होतील. त्यासाठी सर्व शाळांनी रकान्यांचा क्रम व तारीख लिहिण्याची पद्धत एक ठेवावी. एका शाळेने दिवस आधी लिहावयाचा व दुसरीने वर्ष आधी लिहावयाचे, असे झाल्यास यंत्राला त्या दोन तारखांत काहीच साम्य दिसणार नाही.

जुन्या जनरल रजिस्टरात कोणतीही ओळ खरवडून काढण्यास मनाई असे. मूल शाळा सोडून गेले तरी ओळ तशीच राहत असे व शेवटच्या रकान्यात दिनांक, कारण आणि दाखला क्रमांक यांचा शेरा पडत असे. म्हणून चाळीस वर्षांनी कोणी दाखला मागावयास आला तरी त्याचे नाव सापडे. संगणकाच्या तक्त्यास असा शेऱ्याचा रकाना कोणी आपण होऊन घालीत नाही. तो यंदाच्या जूनपासून प्रत्येक शाळेच्या तक्त्यात असावा, आणि त्यात शेरा लिहिणाऱ्याने आपली आद्याक्षरे व दिनांकही घालावा.